परत बघ

३ जानेवारी, सोमवार

ही वही बाईंनी दिली, आमच्या मेंदूच्या लॅबच्या प्रमुखांनी. निळा पुठ्ठा, जाड कागद आणि पहिल्या पानावर त्यांच्या ठसठशीत अक्षरात ‘माझ्या डोळ्यांस’. डोळे म्हणजे मी. गेली एकतीस वर्षं लॅबमध्ये कोणी पाहुणा आला की बाई माझी ओळख अशीच करून देतात, “आणि हे माझे डोळे.” बाकीचे मला दुर्बीण म्हणतात. तोंडावर म्हणतात, मीही ओ देते.

“निवृत्तीला सव्वा वर्ष राहिलंय तुझ्या. मनात येईल ते लिही, कोणाला दाखवायचं नाही,” बाई म्हणाल्या. मी म्हटलं, “बाई, माझ्या मनात येऊन येऊन येणार काय, आकडे!” तर म्हणाल्या, “मग आकडे लिही.”

बघू किती दिवस टिकतंय. मला सकाळच्या फिरण्याची हौस अकरा दिवस पुरली होती.

६ जानेवारी, गुरुवार

नव्या चाळीस स्लाइड्स मोजायला घेतल्या. चाळीस उंदरांच्या मेंदूचे पातळ काप. त्यातल्या विसांना बाईंचं नवं औषध दिलेलं, विसांना नुसतं मिठाचं पाणी. कुठली स्लाइड कोणाची हे मला कळू नये म्हणून खऱ्या नावावर चिकटपट्टी आणि वर एक ते चाळीस नंबर. नंबरांची यादी बाईंच्या कपाटात, कुलपात. मोजणाऱ्याला काही ठाऊक नसावं हा आमच्या धंद्यातला पहिला नियम. ठाऊक असलं की डोळा मालकाला न विचारता लबाडी करतो.

मोजायच्या त्या मायक्रोग्लिया, मेंदूतल्या राखणदार पेशी. मी त्यांना सफाईवाल्या म्हणते. एरवी त्या बारीक फांद्या पसरून बसलेल्या असतात, आजूबाजूच्या पेशींना चाचपत, कोणाचं काय दुखतंय-खुपतंय बघत. एखादी पेशी मेली की तिच्याकडे जातात, तिला कवेत घेतात, पोटात घालतात आणि जिरवून टाकतात. मेलेलं तसंच पडून राहिलं तर शेजारच्या धडधाकट पेशींनाही त्रास, म्हणून हा खटाटोप. सगळं गुपचूप, गाजावाजा नाही. मला त्या उगाच नाही आवडत. बाईंचं म्हणणं, त्यांच्या औषधानं या सफाईवाल्यांची भूक वाढते. मी ठरलेल्या चौकोनात बघते, मेलेली पेशी पोटात असलेल्या किती ते हातातल्या काउंटरवर टिकटिकवते.

पोटात म्हणजे पूर्ण पोटात. नुसती कवेत धरलेली, अर्धवट गिळलेली मी धरत नाही. बाईंनीच शिकवलेला नियम, पण आता माझाच झालाय.

सात नंबर: एकतीस. रजिस्टरात पेन्सिलीनं लिहून पाठवलं. चहानंतर बाई दारात. “अगं, सात परत बघ ना. डोळा थकला असेल.” परत बघितली. जरा सैल हातानं बघितलं तर अर्धवटातल्या काही धरण्यासारख्या वाटल्या. त्रेचाळीस. रजिस्टरात खाडाखोड बाईंना खपत नाही, म्हणून एकतीस रबरानं पुसून वर शाईनं त्रेचाळीस. दुसऱ्यांदा बघितलेल्या स्लाइडच्या कडेला मी हिरव्या पेनानं ठिपका देते, म्हणजे चुकून पुन्हा हातात यायला नको.

बाई उगाच परत बघायला सांगत नाहीत, एवढं एकतीस वर्षांत कळलंय.

१४ जानेवारी, शुक्रवार

संध्याकाळी धाकटीकडे. ही माझी सख्खी बहीण, नऊ वर्षांनी लहान, दोन गल्ल्या सोडून राहते. घरीच शिवणकाम करते. तिच्या काजांना हात लावून बघावा, आतून की बाहेरून ते कळत नाही. दोन वर्षांपूर्वी उजवा हात थरथरायला लागला तेव्हा डॉक्टरांनी पार्किन्सन्स सांगितला. हालचाल सांभाळणाऱ्या मेंदूतल्या पेशी एकेक करून मरतात. गोळी घेतली की चार तास हात शांत असतो, त्या चार तासांत ती सगळं बारीक काम उरकून घेते. घड्याळाकडे बघत शिवते. मला ते बघवत नाही.

मेहुणे चष्म्याच्या दुकानात काचा घासतात. मी आत पाऊल टाकलं नाही तोच सुरू. “ताई, डोळे बारीक करून बघताय. नंबर वाढलाय तुमचा.”

“मेहुणेबुवा, या डोळ्यांवर अख्खी लॅब चालते.”

“चालत असेल हो. म्हणून तर म्हणतो, तपासा.”

यांना सगळ्या जगाला चष्मा लावायचाय.

बाईंच्या औषधाची पार्किन्सन्सच्या माणसांवरची पहिली चाचणी याच वर्षी आहे. परवानग्या तयार आहेत, फक्त माझ्या चाळीस स्लाइड्ससाठी अडलंय. धाकटीला अजून काही बोलले नाही. पण डोक्यातून जात नाही.

२१ जानेवारी, शुक्रवार

बारा नंबर: पस्तीस. परत बघ. सत्तेचाळीस.

एकोणीस: तेहेतीस. परत बघ. बेचाळीस.

बावीस: एकतीस. हिच्याबद्दल बाई काहीच बोलल्या नाहीत. मीच होऊन विचारलं, “बाई, बावीसही कमीच आलीय, परत बघू?” तर म्हणाल्या, “नको गं, ती बरोबर आहे.” न बघता कसं कळतं त्यांना, कोण जाणे. तीस वर्षांचा अनुभव, दुसरं काय.

९ फेब्रुवारी, बुधवार

सदतीस नंबरनं जीव खाल्ला. पहिल्यांदा चौतीस. परत बघ. छत्तीस. बाई येऊन शेजारच्या स्टुलावर बसल्या. खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, “माझ्यासाठी एकदा.” तिसऱ्यांदा चव्वेचाळीस आली तेव्हा सुटले. मान भरून आली होती, पण बाईंनी स्वतः चहा करून आणला. मोठ्या बाईंनी टेक्निशियनला चहा करून दिल्याचं दुसऱ्या कुठल्या लॅबमध्ये कोणी बघितलं असेल तर दाखवावं.

१८ फेब्रुवारी, शुक्रवार

आज यादी उघडली! औषधाच्या स्लाइड्सची सरासरी त्रेचाळीस, मिठाच्या पाण्याच्या सदतीस. बाईंनी सगळ्यांसमोर माझे दोन्ही हात धरले. “हे हिच्या डोळ्यांचं यश.” मला रडू फुटलं, वेड्यासारखं. सगळे हसायला लागले. कोणीतरी म्हणालं, दुर्बिणीला धुकं आलं.

सगळे पांगल्यावर मी धीर करून विचारलं. माझ्या बहिणीला चाचणीत घेता येईल का? बाईंनी चष्मा काढला, बराच वेळ पुसत बसल्या. मग खिडकीतून बघत म्हणाल्या, “तिच्या चालू गोळ्या बंद कराव्या लागतील. तुझी खात्री आहे?”

“बाई, मी स्वतः मोजलंय,” मी म्हटलं.

“घेऊ मग,” त्या म्हणाल्या. त्यांनाही भरून आलं असणार.

२७ फेब्रुवारी, रविवार

धाकटीच्या घरी खडाजंगी. चाचणीत यायचं तर जुन्या गोळ्या बंद, हे ऐकल्यावर मेहुणे उसळलेच. “चार तास तरी हात चालतोय तिचा. तेही घालवायचे?”

मी समजावून सांगितलं. जुनी गोळी नुसता थरथराट दाबते, आत पेशी मरतच राहतात, मेलेल्यांचा कचरा साचतो आणि चांगल्यांनाही घेऊन जातो. हे औषध सफाईवाल्यांना कामाला लावतं. उरलेल्या पेशी वाचतात. “तिच्या हाताचे चार तास नाही, पुढची वीस वर्षं बघा,” मी म्हटलं.

“तुम्ही हे माणसात बघितलंय?”

“उंदरात बघितलंय.”

“उंदीर काज करतात का, ताई?”

मला राग आला. धाकटी मात्र शांत होती. मांडीवरच्या कापडाची घडी घालत होती. म्हणाली, “ताई, तू स्वतः मोजलंस?”

“एकेक पेशी.”

“मग झालं.” आणि सही केली. लहानपणी नदीत पाय टाकायच्या आधीही ती मलाच विचारायची, खोल आहे का.

१ मार्च, मंगळवार

पहिला डोस. दवाखान्यातल्या सिस्टर कडक आहेत पण चांगल्या आहेत. चोवीस पेशंट, सगळ्यांना औषधच. दर मंगळवारी एक फॉर्म भरून द्यायचा, हात कसा, चाल कशी, अक्षर कसं, झोप कशी. डॉक्टर स्वतः तपासणार ते तीन महिन्यांनी. धाकटी म्हणाली, “तुझं अक्षर छान आहे, तूच भर.” म्हणून दर मंगळवारी संध्याकाळी मी जायचं ठरलं. मला तेवढंच निमित्त.

८ मार्च, मंगळवार

पहिला फॉर्म. विचारलं, हात कसा आहे? म्हणाली, आहे तसाच. मी म्हटलं, नीट आठवून सांग, सकाळी उठल्यावर? म्हणाली, सकाळी जरा... मी म्हटलं, जरा काय, हलका वाटतो? थोडा वेळ बघत राहिली माझ्याकडे. म्हणाली, “हो, जरा बरा वाटतो.” ‘थोडा बरा’ लिहिलं. आठ दिवसांत! बाईंना उद्या सांगायचंय.

मेहुण्यांनी चहा आणला. तिच्या कपात अर्धाच. कंजूस माणूस.

२२ मार्च, मंगळवार

तिसरा फॉर्म. आधी म्हणाली माहीत नाही. मग म्हणाली तसाच. मग म्हणाली बरा. हिला स्वतःच्या सुधारणेचंसुद्धा कौतुक नाही, ओढून काढावं लागतं.

नवे कपडे घालायला लागलीय, डोक्यातून घालायचे, बटण नाही, नाडी नाही. म्हटलं, काय फॅशन आहे! हसली. मशीनवर चादर घातलेली होती. मशीन दुरुस्तीला द्यायचंय म्हणे, गिऱ्हाइकांना महिनाभर थांबायला सांगितलंय. बरंच झालं, विश्रांती मिळेल. भाजी मेहुणे चिरत होते, जाड जाड. नवऱ्याला कामाला लावलंस शेवटी, मी म्हटलं. मेहुणे माझ्याकडे बघून काहीतरी बोलणार होते. धाकटीनं त्यांच्याकडे बघितलं. ते परत चिरायला लागले.

५ एप्रिल, मंगळवार

बरा. सरळ म्हणाली, पहिल्याच फटक्यात. मला प्रश्न पुरासुद्धा विचारावा लागला नाही.

पूर्वी माझ्या वाढदिवसाला चिठ्ठी लिहायची, या वर्षी फोनवर बोलून पाठवलं. जग बदलतंय, धाकटीही बदलली.

१२ एप्रिल, मंगळवार



दुसऱ्या संस्थेतले दोघं पुढच्या आठवड्यात स्लाइड्स बघायला येणार आहेत. बाई गावाला गेल्या आहेत, जाताना यादी माझ्याकडे देऊन गेल्या. “पट्ट्या काढून दोन डब्यांत लावून ठेव, औषधाच्या एका, पाण्याच्या एका.” दुपारी बसून लावल्या. चाळीसच्या चाळीस, कडा वर करून, दिव्याखाली. आणि बघितलं.

औषधाच्या डब्यात अकरा हिरवे ठिपके. पाण्याच्या डब्यात एकही नाही.

परत मोजले. अकरा आणि शून्य.

बावीस नंबर पाण्याच्या डब्यात होती. तिची एकतीस. सात नंबरचीही एकतीसच होती, ती औषधाच्या डब्यात. सात परत बघायची होती, बावीस बरोबर होती. न बघता कसं कळतं त्यांना, म्हणून मी कौतुक केलं होतं. त्यांना न बघता कळत नव्हतं. त्या बघत होत्या. यादी त्यांच्याच कपाटात होती.

रजिस्टर काढलं. सगळे शाईचे आकडे, स्वच्छ. पहिले आकडे मी स्वतः रबरानं पुसलेत.

आज फॉर्मला गेले नाही. डोकं दुखतंय म्हणून कळवलं.

१३ एप्रिल, बुधवार

नाही, असं असेल कशाला. योगायोगही असतो. अकरा वेळा? अगं बाई, शाळेतल्या पोरीला विचार, तीही सांगेल.

एकतीस वर्षं. माझ्या नवऱ्याच्या अंत्ययात्रेला बाई माझा हात धरून चालल्या होत्या. आणि त्याच हातांनी यादी काढून, कुठली कमी आलीय ते बघून, दारात येऊन गोड आवाजात ‘डोळा थकला असेल’. केसानं गळा कापला माझा. आणि मी मान पुढे करून बसले होते, वर चहाचं कौतुक.

ही वहीसुद्धा त्यांचीच. फेकून देणार होते. मग मागची पानं चाळली. सात: एकतीस. बारा: पस्तीस. एकोणीस: तेहेतीस. सदतीस: चौतीस, छत्तीस. रजिस्टरातून पुसलेलं चार ठिकाणी इथं राहिलंय. ‘मग आकडे लिही’ म्हणाल्या होत्या.

पण चार पुरत नाहीत. सगळ्या पुन्हा मोजायला हव्यात. आणि कुठली कोणाची हे आता मला पाठ झालंय. ज्याला काहीच कळत नाही असं कोणीतरी हवं, नंबर झाकायला.

१७ एप्रिल, रविवार

धाकटीला लॅबमध्ये घेऊन गेले. तिला एवढंच सांगितलं की जुनं काम तपासायचंय. स्लाइड्स पिसायच्या, खऱ्या नावावर आणि ठिपक्याच्या कडेवर पट्टी लावायची, वर नवी खूण द्यायची आणि कुठली खूण कशाची ते एका कागदावर लिहून ठेवायचं. मी बाहेर बाकावर पाठ करून बसले, काही दिसायला नको म्हणून. दोन तास लागले तिला. पहिल्यापासून संथ काम तिचं, पण चोख.

मोजायच्या आधी तिला एकदा मायक्रोस्कोपमधून दाखवलं. बराच वेळ बघत राहिली. “ही फांद्यावाली कोण?” मी सांगितलं. “आणि हिनं काय धरलंय?” म्हटलं, मेलेली पेशी, अर्धवट गिळलीय. “मग ही मोजायची का?”

मी म्हटलं, “तुला काय वाटतं?”

“अर्धवट आहे ना? मग अर्धवटच म्हणायचं,” धाकटी म्हणाली आणि स्टुलावरून उतरली. तिला दोन मिनिटांत कळलं ते.

मेहुणे तिला न्यायला आले, मला डबा ठेवून गेले. मी संध्याकाळी सातपर्यंत मोजत होते. अर्धवट एकही धरली नाही. परत एकही बघितली नाही.

१८ एप्रिल, सोमवार

सकाळी लवकर येऊन धाकटीचा कागद उघडला. पहिल्या चार ओळी तिच्या नेहमीच्या अक्षरात. पाचवीपासून अक्षर लहान व्हायला लागलं. दहाव्या ओळीला मुंगीएवढं. विसाव्याला नुसते टिंब-टिंब, एकमेकांवर चढलेले. डोळे बारीक केले, चष्मा काढला, घातला. काही वाचता येईना. शेवटी कागद लहान मायक्रोस्कोपखाली ठेवला, ज्याच्याखाली आम्ही मेंदू कापतो, आणि बहिणीचं अक्षर मोठं करून वाचलं. एकेक आकडा. चुकलेला एकही नव्हता.

अक्षर बारीक होत जातं हे या रोगाचं लक्षण आहे. फॉर्मवर प्रश्नच आहे, ‘अक्षर कसं’. पाच आठवडे त्याचं उत्तर मी माझ्या अक्षरात लिहिलं, ‘ठीक’. फॉर्म भरायला मला का सांगितलं, तेही आता कळलं. अर्धा कप. बिनबटणाचे कपडे. मशीनवरची चादर. दिवसाला शेकडो पेशी ओळखणारी मी, दुर्बीण!

औषधाच्या स्लाइड्सची सरासरी अडतीस. पाण्याच्या सदतीस. म्हणजे काही नाही.

अकरा वाजता बाई आल्या. दार लावून घेतलं आणि नव्या आकड्यांचा कागद टेबलावर ठेवला. त्यांनी वाचला. चिडल्या नाहीत, त्याचंच मला जास्त लागलं.

“तुझे पहिले आकडे थकव्याचे होते गं.”

“पाण्याच्या स्लाइड्सवर मी कधीच थकले नाही, बाई?”

बाई म्हणाल्या, “औषध चांगलं आहे. मला आतून माहीत आहे. बावीस वर्षं दिलीत मी त्याला.”

“तुम्ही यादी बघून मला परत बसवलंत.”

“मी एक तरी आकडा सांगितला तुला? परत बघ, एवढंच म्हटलं. प्रत्येक टिकटिक तुझ्या हातची आहे.” 

खरं होतं ते. म्हणूनच हात उगारावासा वाटला. “आणि माझी बहीण? तिला घेताना माहीत होतं तुम्हाला.”

“तू मागितलंस. तुला नाही कसं म्हणू?” बाईंचे डोळे भरले होते. खरोखरचं पाणी. “आणि फॉर्म तर बघ, तिला बरं वाटतंय. तूच भरलेत.”

मी बाहेर आले. मला कोणी इतकं फसवलं नव्हतं आयुष्यात, आणि इतक्या प्रेमानं तर नाहीच.

१९ एप्रिल, मंगळवार

सकाळी चाचण्यांवर देखरेख करणाऱ्या समितीकडे जाऊन सगळं सांगितलं. रजिस्टर, नवे आकडे, धाकटीचा कागद दिला. ही वहीही हवी म्हणाले, पहिले चार आकडे फक्त हिच्यातच आहेत. उद्या द्यायची कबूल करून आले. म्हणजे मेहुण्यांना कंजूस म्हटलेलंही ते वाचणार. वाचू देत. फॉर्म मी भरलेत, विचारून विचारून भरलेत, तेही सांगितलं. चाचणी आजपासून थांबली. डॉक्टरांनी धाकटीच्या जुन्या गोळ्या उद्यापासून सुरू करायला सांगितलंय. गेलेले सगळे चार तास परत मिळतील असं त्यांनी काही सांगितलं नाही.

संध्याकाळी तिच्याकडे गेले. आत गेल्या गेल्या सांगून टाकलं. बाईंनी काय केलं, कसं केलं, मला कसं वापरलं. बोलता बोलता माझा आवाज चढला. “परत बघ, परत बघ म्हणत राहिली गं ती! तिला हवा तो आकडा येईपर्यंत!”

मेहुणे उठून आत गेले. धाकटी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसली होती. मला वाटलं आता ओरडेल. ओरडायलाच हवं होतं.

“मग तू का नाही सांगितलंस?” मीच ओरडले. “हात इतका गेला आणि दर मंगळवारी मला बरा, बरा!”

“पहिल्या मंगळवारी सांगितलं की,” ती म्हणाली. “आहे तसाच म्हटलं. तू परत विचारलंस. दुसऱ्या मंगळवारी वाईट म्हणणार होते, तू म्हणालीस नीट आठव. बरा म्हटल्याशिवाय तू पेन खाली ठेवायची नाहीस, ताई.”

बाईंसाठी साठवून ठेवलेले सगळे शब्द तोंडातच राहिले.

“तुझा चेहरा इतका आनंदी व्हायचा,” धाकटी म्हणाली. “म्हटलं, होऊ दे.”

मेहुण्यांनी चहा आणला, तिच्या कपात अर्धा. तिनं मांडीखालचे हात काढले आणि माझ्यासमोर दोन्ही हातांनी कप उचलला. थोडा सांडला. तिनं पुसला नाही, मीही नाही.

आजचा फॉर्म भरायचा होता. समितीनं सांगितलंय, शेवटचा म्हणून भरून द्या, खरा. पिशवीतून काढला. पेन काढलं.

“हात कसा आहे?” मी विचारलं.

“वाईट.”

एवढं बोलून ती थांबली, माझ्या तोंडाकडे बघत. पुढच्या प्रश्नाची वाट बघायची सवय झाली होती तिला. मी ‘वाईट’ लिहिलं आणि पेन खाली ठेवलं.